सुईण, बी.एस्सी.

कुणाच्या घरी मूल झाल्याची बातमी आली की द्रुपदाक्काचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बाई कशी हाय?" सांगणाऱ्याला मुलगा झाल्याचं सांगायचं असे, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा असे. तो गोंधळून म्हणे, "बरी असंल की." मग ती पुड्याला हात लावत नसे. "असंल म्हंजे? जा, बघून ये. पेढं कुठं पळून जात न्हाईत." बारामतीच्या आमच्या गल्लीतून दोन-तीन बापये असे भर उन्हात पुडा घेऊन परत गेलेले मी पाहिले आहेत. त्यातला एक तर चिडून म्हणाला होता, "मुलगा झालाय, कुणी मेलं न्हाय." तेव्हा ती म्हणाली, "तेच बघून ये म्हनलं." आधी बाई, मग मूल, मग पेढे, असा तिचा क्रम होता. कॉलेजात जाण्याआधीही तिने तो सोडला नव्हता आणि विलायतेहून आल्यावरही सोडला नाही.

तिचं पूर्ण नाव द्रौपदी तात्याबा शेंडे. इंदापूर तालुक्यातलं निमगाव हे तिचं गाव, घरचा पानमळा. गावची शाळा सातवीला संपली तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, तिला बारामतीला आणून आमच्या छापखान्यामागच्या खोलीत ठेवलं. माझे वडील त्या छापखान्याचे मालक, अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी आणि हमाल असे तिन्ही होते. लग्नपत्रिका आणि सभांची पत्रकं हा आमचा धंदा. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी लहानपणी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं वाचली आणि ती मला वाचून दाखवायचं काम आक्काकडे असे. वाचताना ती मध्येच थांबून विचारी, "ह्ये कुणी मोजलं?" किंवा "ह्ये त्यानं सोता बघितलं का?" मला ते आवडत नसे. पत्रक वाचताना शंका काढायच्या नसतात, पेटायचं असतं, असं मी धरून चालले होते.

आक्का बुटकी, रुंद हाडाची, सावळी. चालताना पाय आपटत चाले. नखं बोटाच्या मांसापर्यंत कापलेली. हात धुवायला बसली की कोपरापर्यंत धुई, आणि मनात आकडे मोजत धुई. दोनशे झाल्याशिवाय तांब्या खाली ठेवत नसे. हळदीकुंकवाला गेली तरी आधी मोरीत जाऊन दोनशे मोजून येई. बायका हसत. "द्रुपदे, आमच्या घरात काय पटकी आलीय का?" ती म्हणे, "तुमच्या न्हाय, माझ्या हाताला आली आसंल तर?"

पुण्याच्या कॉलेजात ती बी.एस्सी. झाली, पण बोलायची तशीच, हाय आणि न्हाय. मी एकदा तिला म्हटलं, "आक्का, शिकलेल्या बाईनं शुद्ध बोलावं." ती म्हणाली, "कळा आल्यावर बाई शुद्ध बोलत न्हाय, कुसे. मग तिच्यापाशी बसणारीनं कशाला बोलायचं?"

हे बसणं तिच्या अंगातच होतं. पानमळ्यातल्या पोरींना वाट बघायची सवय असते. वेल लावला की वर्ष-दीड वर्ष पानाला हात लावायचा नसतो. शेजारीपाजारी कुणाच्या कळा सुरू झाल्या की बाकीच्या बायका आतबाहेर करीत, नवस बोलत, एकमेकींना ओरडत. आक्का पाट घेऊन बाईच्या उशाशी बसे आणि पानं निवडत राही. मोठं पान एका बाजूला, डागाळलेलं दुसऱ्या बाजूला. मध्येच बाईच्या पोटावर हात ठेवून पुन्हा पानं निवडी. तिच्या त्या बसण्यानेच खोलीतला आरडाओरडा निम्मा कमी होई.

विलायतेला जायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका दवाखान्यात. कॉलेजच्या सुट्टीत ती चुलतबहिणीबरोबर तिच्या बाळंतपणाला गेली होती. दवाखाना कुठला ते मी लिहीत नाही. तसे पुष्कळ होते. मुलाचं डोकं दिसायला लागलं तरी नर्स हात बांधून उभी. डॉक्टर जेवायला गेलेले. आक्काने विचारलं, "तुमाला येत न्हाय का?" नर्स म्हणाली, "सगळं येतं. पण मी हात लावला आणि काही झालं तर? सही त्यांची असते." डॉक्टर आले तोवर मूल गेलं. बहीण वाचली. आक्का ही हकीगत सांगताना डॉक्टरांना शिव्या देत नसे. ती एवढंच म्हणे, "त्या नर्सचं हात बघितलं मी. चांगलं हात हुतं. उगं बांधून ठेवल्यालं."

पुढे कॉलेजातल्या एका मिशनरी बाईंकडून तिला कळलं, की विलायतेत सुईण म्हणजे वेगळा धंदा आहे. दोन वर्षं शिकायचं, परीक्षा द्यायची, मग आपल्या जबाबदारीवर बाळंतपणं करायची. डॉक्टर हवा असेल तर सुईणीने चिठ्ठी लिहायची, आणि चिठ्ठी आली की डॉक्टरला यावंच लागतं. कायदाच तसा आहे. हे ऐकल्यापासून आक्काला दुसरं काही सुचेना. तिथे शिकायचं, ती सही मिळवायची, आणि परत येऊन निमगाव-इंदापूरकडे तीच पद्धत सुरू करायची, असा तिचा साधा बेत होता. तिने तिथल्या इस्पितळांना स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत पत्रं लिहिली. तिसऱ्या इस्पितळाने 'या' म्हणून कळवलं.

निमगावात हसं झालं. पोरगी बी.एस्सी. होऊन सुईण होणार, आणि तेही शिकायला बोटीनं जाणार. भावकीतले एक आबा मुद्दाम पानमळ्यात तात्यांना समजावायला आले. मी तेव्हा तिथेच होते, आक्काबरोबर सुट्टीला गेलेली. तात्या आधाराच्या शेवरीला पानवेल बांधत होते.

आबा म्हणाले, "तात्या, पोरगी शिकली, लई चांगलं झालं. तिला मास्तरीण कर, कचेरीत चिकटव. आरं, सुईण व्हायला विलायतेला कशाला? मांगवाड्यात सखू हाय की. तिची शाळा तिथंच भरती."

तात्यांनी पुढचा वेल हातात घेतला. आबा पुढे म्हणाले, "आन् लगीन? सुईणीला कोण पदरात घेणार?"

तात्यांनी गाठ मारली आणि मग म्हणाले, "आबा, तुमच्या थोरल्या सुनंचं तिसरं अडलं तवा तुमी कुणाला हुडकत पळाला हुता? मास्तरणीला का कचेरीतल्या सायबाला?"

"सखूला," आबा म्हणाले.

"मग झालं तर. आता तुमाला हुडकायला जरा लांब जावं लागंल, येवढंच."

आबा हसले. तात्या मात्र हसले नाहीत. आक्का गेल्यावर चार दिवस ते मळ्यात जेवायला बसले नाहीत, भाकरी हातात घेऊन वेलांमधून फिरत राहिले, असं तिच्या आईने मला सांगितलं.

आक्काची पत्रं महिन्याला एक अशी येत. लोकरीच्या गिरण्यांचं एक गाव होतं, घरं धुराने काळी, रस्ते चढाचे. पहिलं दीड वर्ष इस्पितळात गेलं, पुढचे सहा महिने सायकलवरून घरोघर. सायकल ती तिथेच शिकली आणि तीनदा पडली. पडल्यावर आधी पिशवी बघायची, मग गुडघा, असं तिने लिहिलं होतं. पास झाल्यावर तिला त्याच गावात सुईण म्हणून नेमलं. एक भाग तिच्याकडे दिला, गिरणीमागच्या सहा-सात गल्ल्यांचा. तिथल्या बायका तिला 'नर्स शेंडी' म्हणत. 'मी एकदा शेंडी म्हंजे काय ते सांगितलं, तर त्या बया हसून हसून पलंगावरून पडायच्या बाकी राहिल्या,' असं तिने लिहिलं.

एक पत्र मी जपून ठेवलं आहे. एका घरी नवऱ्याने दार उघडलं, तिला पाहिलं, आणि म्हणाला, 'आम्हाला दुसरी पाठवा, आपल्यातली.' आक्का पायरीवरच उभी राहिली. तिने त्याला सांगितलं, की दुसरी येईल पण तिला निरोप जाऊन यायला तासभर लागेल, तोपर्यंत मी इथेच पायरीवर बसते. आतून आवाज आला तर आत येईन. आणि खरंच बसली. दहाएक मिनिटांत वरच्या मजल्यावरून त्या माणसाची आई ओरडली, 'अरे गाढवा, तिला वर पाठव, डोकं आलं.' मूल झालं, नवऱ्याने चहा करून दिला. आक्काने पुढे लिहिलं होतं: 'चहा पांचट हुता. पण आपल्या गावात सखूला दारात बसवत्यात आन् चहा वरून वतत्यात, त्यापेक्षा बरा. कपबशी त्यांच्याच वापरातली हुती.' मी ते पत्र वाचून त्यावर पत्रक काढलं होतं. लोकांनी वाचलं आणि म्हणाले, इंग्रज लोक असेच.

दुसऱ्या एका पत्रात तिने लिहिलं की तिथल्या म्हाताऱ्या बाळंतिणीच्या गादीखाली चाकू ठेवतात, कळा कापल्या जाव्यात म्हणून. तिच्याबरोबरच्या काही जणी तो काढून फेकत आणि म्हातारीशी भांडण ओढवून घेत. आक्का काढत नसे. 'गादीखालचा चाकू कुणाला चावत न्हाय. म्हातारीचं ऐकलं की म्हातारी माझं ऐकती, पाणी उकळती, खिडकी उघडती. जे नडत न्हाय त्ये ऱ्हाऊ द्यावं. जे नडतं त्ये उकळावं.' हे वाक्य वाचून मला राग आला होता, हे मला स्पष्ट आठवतं. अंधश्रद्धेशी तडजोड करायला कुणी बोटीनं जातं का, असं मी तिला उलट लिहिलं. तिने उत्तरात त्या विषयावर अवाक्षर लिहिलं नाही, फक्त एक विणलेला स्वेटर पाठवला. तिथल्या सुयणी बाळंतिणीपाशी बसून विणकाम करीत, पानांऐवजी. स्वेटर तात्यांसाठी होता. त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती. तात्या पौषात मळ्याला पाणी देताना तो घालत आणि लांब बाहीला नाक पुसत.

पाच वर्षांनी ती वर्षभराची रजा घेऊन परत आली. तोवर आमच्या भागात पुष्कळ बदललं होतं. कारखान्यांमुळे ऊस वाढला होता, ट्रॅक्टर आले होते, आणि बारामतीत काही पुढाऱ्यांनी समिती नेमून नवं प्रसूतिगृह काढायचं घेतलं होतं. त्याची एक शाखा इंदापूरच्या बाजूला, निमगावजवळ निघणार होती. दोन खोल्या बांधून तयार होत्या. आक्काने समितीला अर्ज केला: शाखा माझ्या ताब्यात द्या, सरळ बाळंतपणं मी माझ्या सहीने करीन, अवघड असेल तिथे चिठ्ठी पाठवीन आणि चिठ्ठी आली की तुमच्या डॉक्टरांनी यायचं. बाकी तिने काही मागितलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष बापूसाहेब तोंडी म्हणाले, होईल, का होणार नाही, आपल्याच भागातली मुलगी आहे. तिने विलायतेला कळवूनही टाकलं, की बहुधा मी परत येणार नाही.

याच दिवसांत तिच्या भावजयीचं, पार्वतीवहिनींचं बाळंतपण निमगावात झालं. आक्काने मला बरोबर नेलं. मला विलायती पद्धत बघायची होती आणि तिच्यावर लिहायचं होतं. सकाळपासून सखू दाराशी येऊन बसली होती. साठीची बाई, डोळ्यांना कमी दिसणारी, हात मात्र धीट. या घरातली चार मुलं तिनेच काढली होती. तिच्याजवळ फडक्यात गुंडाळलेला विळा होता.

दुपार टळता टळता मूल आलं. मानेभोवती नाळेचा वेढा होता. आक्काने तो बोटाने सोडवला, तोंडातलं पुसून काढलं आणि मूल रडलं. आक्का वहिनींच्या तोंडाकडे बघत होती, मुलाकडे नाही. मग आक्काची आई दारातून म्हणाली, "नाळ सखूनंच कापायची. आपल्यात तसंच हाय."

मला वाटलं आक्का आता तिची पेटी उघडेल, कात्री काढेल. ती मला म्हणाली, "कुसे, चुलीवर पातेलं ठिव. सखूमावशी, विळा द्या."

चहाचं मोठं पातेलं होतं. मी पाणी उकळलं, विळा त्यात टाकला. आक्काने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "वीस मिनिटं. एक कमी न्हाय." वहिनींची वार पडेपर्यंत नाळ कापायची घाई नव्हतीच. मी चुलीपाशी घड्याळ धरून बसले. तोवर आक्काने सखूला मोरीशी नेऊन तिचे हात कोपरापर्यंत धुतले; स्वतः मोठ्यांदा आकडे मोजले, कारण सखूला दोनशेपर्यंत मोजता येत नव्हतं. मग आक्काने उकळलेल्या दोऱ्याने दोन गाठी मारल्या आणि बाजूला सरकली. सखूने नाळ कापली. घरच्यांनी तिला खण-नारळ दिला. आक्काला कुणी काही दिलं नाही, ती घरचीच.

परत येताना एसटीत आमचं भांडण झालं.

मी म्हटलं, "आक्का, नाळ कापणं विटाळाचं म्हणून ते काम त्यांच्या जातीवर लादलंय. तू पाच वर्षं शिकून आलीस आणि तेच चालू ठेवलंस."

"व्हय," ती म्हणाली. "लादलंयच."

"मग?"

"मग मी काय करू? सखूला उठवून लावू? गावात कुणाच्याबी कळा सुरू झाल्या की पयला निरोप सखूला जातो. आज तिला उठवलं तर उद्या अडलेली बाई ती माझ्यापाशी आणंल का? मला तिनं बोलवाया पाहिजे, कुसे. तुझ्या पत्रकानं न्हाय ती बाई माझ्यापाशी येणार."

"हे धोरण झालं. तत्त्व नाही."

"आसंल," ती म्हणाली आणि खिडकीतून शेवगा विकणाऱ्या बाईला हाक मारली.

मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. 'विलायतेचं शिक्षण, गावचा विळा' असं त्याचं नाव. नाव कुणाचं घातलं नाही, पण तालुक्यात विलायतेहून आलेली सुईण एकच होती. शिकलेली माणसं जुन्या रूढींपुढे मान कशी तुकवतात, त्यावर मी जोरात लिहिलं होतं. त्यातल्या प्रत्येक मताला मी आजही चिकटून आहे. पण एक गोष्ट मी गाळली होती. विळा उकळल्याचं मी लिहिलं नव्हतं. विसरून नव्हे. पहिल्या खर्ड्यात ते होतं. वाचून पाहिलं तर ते वाक्य आलं की पुढचा सगळा मजकूर लंगडा पडत होता. मी वाक्य खोडलं. वडील खिळे जुळवताना म्हणाले, "ही ओळ काढलीस होय?" मी म्हटलं, "गरज नाही तिची."

समितीची बैठक झाली तेव्हा हकीगत लिहून घ्यायला मीही मागच्या बाकावर होते. समितीत सहा जण, सहाही पुरुष, त्यांत प्रसूतिगृहाचे डॉक्टरही. आक्का पांढरं लुगडं नेसून आली होती. बापूसाहेबांनी टेबलावर माझं पत्रक ठेवलं.

"बाई, तुमच्या शिक्षणाबद्दल आम्हाला आदरच आहे," ते म्हणाले. "पण यात लिहिलंय की तुमच्यासमोर विळ्यानं नाळ कापली. खरं आहे का?"

"खरं हाय."

डॉक्टर हसले. "विलायतेत हेच शिकवतात का?"

"तितं कात्री उकळाया शिकवत्यात. विळा बी तसाच उकळतो. लोखंडच हाय की."

"पत्रकात उकळल्याचं काही नाही."

"पत्रक मी लिवलं न्हाय," आक्का म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी उठले. "मी लिहिलंय. विळा उकळला होता. पाणी मी ठेवलं, घड्याळ मी धरलं. ते मी मुद्दाम गाळलं."

मग बापूसाहेब मुलांशी बोलावं तसं माझ्याशी बोलले. "पोरी, मग तू छापलंस ते खोटं, का आत्ता बोलतीस ते?"

"छापलं ते अर्धवट होतं."

"बरं. उद्या अजून काही आठवलं तर तेही येऊन सांग." सगळे हसले. "आम्ही आपलं छापलेलं धरतो. ते कागदावर तरी आहे."

ठराव झाला. शाखा डॉक्टरांच्या हाताखाली चालेल. आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर येतील. बाईंनी मेट्रन म्हणून राहावं, बाळंतपण डॉक्टरांच्या सूचनेनं करावं.

आक्काने विचारलं, "आन् बाई तिसऱ्याच दिवशी अडली तर?"

"निरोप धाडा."

"चिठ्ठी धाडीन. चिठ्ठी आल्यावर डॉक्टर येतीलच, येवढं लिवून द्या. बाकी सगळं तुमचं कबूल. मेट्रन म्हना, आया म्हना."

डॉक्टर म्हणाले, "असं बंधन कसं घेता येईल? मला इतर कामं असतात."

"मग न्हाय जमायचं," आक्का म्हणाली. नमस्कार केला आणि उठली.

बाहेर आल्यावर मी तिच्या मागोमाग चालत राहिले. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "उठलीस त्ये बरं केलंस."

मी म्हटलं, "उपयोग झाला नाही."

"मूल आडवं आसलं तर कळा सुरू व्हायच्या आधी फिरवायचं आसतं. मागनं किती बी दाबलं तरी फिरत न्हाय." हे ती रागाने बोलली नाही. एखाद्या शिकाऊ पोरीला सांगावं तसं सांगितलं. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

माझं पत्रक नसतं तरी त्यांनी दुसरं काही कारण काढलंच असतं, असं मला पुष्कळांनी सांगितलं. काढलंही असतं. पण ते काढायचे त्यांचे कष्ट मी वाचवले, आणि ज्या माणसांविरुद्ध मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून लिहीत होते त्यांच्याच टेबलावर माझा कागद पुरावा म्हणून पडला. हे मी विसरू शकत नाही, आणि इतरांनी माझ्या वतीने विसरावं अशी माझी इच्छाही नाही.

रजेचे उरलेले चार महिने आक्का निमगावातच होती. तात्यांच्या पडवीत तिने सखू, सखूची सून आणि आसपासच्या गावांतल्या आठ-दहा सुयणींना गोळा केलं. वही नाही, फळा नाही. उकळायचं काय, हात किती वेळ धुवायचे, आणि कुठल्या खुणा दिसल्या की न थांबता बैलगाडी जुंपून इंदापूर गाठायचं. मोजता न येणाऱ्यांसाठी तिने जात्यावरची एक ओवी ठरवून दिली. ती दोनदा म्हटली की हात धुऊन झाले. मला बोलावलं नाही. मी आपण होऊन गेले तेव्हा म्हणाली, "आलीस? चूल पेटव." सखू अजून विळाच वापरते, पण उकळून. तिची सून कात्री वापरते. पण अजूनही ते काम त्यांच्याच वस्तीवर आहे, आणि त्याविरुद्ध मी अजून लिहिते.

शाखेच्या त्या दोन खोल्या काही दिवस बंद होत्या. आता तिथे खताची पोती असतात.

आक्का विलायतेला परत गेली. आता ती त्याच गिरण्यांच्या गावात नव्या सुयणींना शिकवते. तिच्या हाताखालून तयार झालेल्या पोरी सायकलवरून घरोघर जातात, चिठ्ठ्या लिहितात, सह्या करतात. तिने कळवलंय की त्यांतल्या दोघी आपल्या देशातल्या आहेत, एक केरळची आणि एक नागपूरकडची. 'त्या परत जातील का, इचारू नकोस. मी त्यांना इचारलं न्हाय.' देशातल्या बुद्धीने देश सोडू नये असं मी पूर्वी लिहीत असे. आता ते वाक्य लिहिण्यापूर्वी, तिला इथे उभं राहायला जागा दिली होती का, असा प्रश्न लिहिते.

ती गेली त्या दिवशी मी इंदापूरच्या एसटी स्टँडवर गेले होते. तात्या, तिची आई, सखू आणि तिची सून आले होते. मी दुसरं पत्रक छापून नेलं होतं, लहानसं, अर्ध्या पानाचं. पहिल्या पत्रकात काय गाळलं, का गाळलं, एवढंच त्यात होतं. आम्ही ते बारामतीच्या बाजारात वाटलं होतं. बरेचसे लोक न वाचताच भाजी बांधायला घेऊन गेले. आक्काने ते उभ्या उभ्या वाचलं. "वीस मिनिटं लिवलंस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पुण्याची गाडी लागली. तात्यांनी ट्रंक वर चढवली. आक्का आईच्या, तात्यांच्या आणि मग सखूच्या पाया पडली. स्टँडवरची माणसं बघत राहिली. सखू घाबरून मागे सरकली आणि मग तिथेच खाली बसली. आक्का गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. तेवढ्यात माहेराला निघालेली एक पोरसवदा बाई, आठवा-नववा असेल, धापा टाकत चढली आणि तिच्या शेजारी बसली. आक्का तिच्याकडे वळली.

आम्ही सगळे खिडकीखाली उभे होतो. तात्या म्हणाले, "द्रुपदे, पोचल्याचं कळीव." तिने ऐकलं की नाही कोण जाणे. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. तिने हात हलवावा म्हणून मी वर बघत होते. आक्काचा हात त्या बाईच्या पोटावर होता, आणि मान खाली घालून ती तिला काहीतरी विचारत होती.